सबब आणि अनुताप

हातून निषिद्धाचे आचरण घडल्यावर जीवास प्रथम सुचते ती सबब होय. अनुताप मागाहून येतो, आणि कित्येकदा येतच नाही. कारण व सबब ह्यांत भेद आहे. कारणाचा शोध दोषनिवारणासाठी घ्यावयाचा असतो. सबब सापडली की तो शोधच थांबतो.

देवणीच्या वासनिकांस हा भेद नवा नाही. देवणी गोवंशाचे हे मूलस्थान. वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार तेथील मुलांसही ओळखता येतात. बैल घेताना शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो आणि खोड काय, म्हणून विचारतो. जुवाखाली बसलेल्या बैलाचा धनी 'वाटेने दमला आहे' म्हणाला, तर तेवढ्या बोलावर कोणी सौदा करीत नाही. परंतु तोच शेतकरी नामस्मरण चुकल्याबद्दल आधी पेरणीचे, मग खुरपणीचे, शेवटी सुगीचे निमित्त सांगतो आणि स्वतःच्या बोलावर मात्र मुकाट्याने सौदा पटवितो.

भिक्षुकाची सबब ह्याहून अवघड, कारण ती शास्त्राच्या शब्दांत बोलते. अटन राहिले की देशकाल, विजन राहिले की प्रकृती. प्रकृती खरोखरच बिघडते, हे कोण नाकारील? पण बरे वाटू लागल्यावरही विजन सुरू होत नाही, तेव्हा कारण सरून केवळ सबब उरलेली असते. कोणी तर जीव अनादि अविद्येने बद्ध आहे, ह्या सिद्धान्ताचाच आडोसा घेतात. बंध कळावा, त्याचे दुःख व्हावे व परमेश्वराची ओढ लागावी, ह्यासाठी तो सिद्धान्त आहे. झाकलेल्या दोषाचे दुःख होत नाही. मग प्रायश्चित्त तरी कशाचे घ्यावयाचे?

शके 1200 च्या सुमारास म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या भक्तांकडून सर्वज्ञांच्या लीळा मिळविल्या. विद्येचा अभिमान धरून आपण वादासाठी आलो व निरुत्तर झालो, हा स्वतःचा प्रसंगही त्यांनी वगळला नाही. ज्या लीळांत सर्वज्ञांनी भक्ताचा दोष दाखविला, त्यांतील कित्येक त्या भक्तांच्याच मुखातून आल्या असल्या पाहिजेत. त्या वेळी कोणी सारवासारव केली असती, तर त्याच्या दोषाबरोबर सर्वज्ञांचे वचनही सारवणाखाली गेले असते. लीळाचरित्राच्या पाठात अशी लीळा आली म्हणजे अभ्यासकाने तेथे थांबावे आणि ही हकीकत प्रथम सांगणारा कोण असावा, ह्याचा विचार करावा.