ट्राउट काय खातो?

एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ओढ्यांवर ट्राउट पकडणाऱ्यांची गर्दी होते. गळाला आमिष कोणतं लावायचं? आधी विचारा, हा मासा वाढला कुठे?

ओढ्यात नुकते सोडलेले ट्राउट मत्स्यकेंद्रात गोळ्या खाऊन वाढलेले असतात. म्हणून वासाच्या, रंगीत पिठाची छोटी गोळी त्यांना लगेच आवडते. सवयीचं जेवण ना!

ओढ्यातच जन्मलेला ट्राउट असा फसत नाही. त्याच्यासाठी पाण्यातला एखादा दगड उलटा करून बघा. खाली वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळी दिसेल. तिच्यात अळी असते. ट्राउट ती आवडीने खातो. मग दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली, तशीच दिसणारी खोटी अळी गळाला लावा. दगड मात्र परत होता तसा ठेवा हं.

पावसाने पाणी गढूळ झालं, की गांडूळ उत्तम. पण गांडुळाबरोबर मासा गळही गिळतो. माझ्या पहिल्या ट्राउटचं तेच झालं. मी गळ ओढून काढला आणि त्याला पाण्यात सोडलं. तो उलटा होऊन तरंगायला लागला. तेव्हापासून, मासा सोडून द्यायचा असेल तर मी गांडूळ लावत नाही. तुमच्या माशाने गळ गिळलाच, तर ओढू नका. तोंडाजवळ दोरी कापा.

सांगा पाहू : एखादा माणूस ‘गळाला लागला’ म्हणजे काय झालं?