शाळेचे नाव आणि लसीचे कार्ड

जून जवळ आला की पालक हमखास एक प्रश्न घेऊन दवाखान्यात येतात. "डॉक्टर, शाळेत लसीचं कार्ड मागितलंय. नसेल तर पोराचं नाव घालणार नाहीत का?" कोणाचे कार्ड वीटभट्टीवर पावसात भिजलेले असते, कोणाचे उंबरगावच्या खोलीत राहिलेले असते, तर कोणाचे कधी तयारच झालेले नसते.

प्रथम कायदा पाहू. लसीची सक्ती आपल्याकडे एके काळी होती. देवीच्या लसीसाठी मुंबई शहरात १८७७ साली कायदा झाला आणि १८८० साली नगरपालिका व छावण्यांसाठी देशपातळीवरचा. मूल टोचून न घेणाऱ्या आईबापांना दंड होई. अशक्त वा आजारी मुलाला तात्पुरती सूट मिळे. घरातील आजीच्या दंडावरचा गोल व्रण त्या मोहिमेचा. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

आज मात्र शालाप्रवेशासाठी लस सक्तीची करणारा कायदा महाराष्ट्रात नाही. अमेरिकेत तो राज्याराज्यांत आहे, म्हणून तेथे 'सूट' हा मोठा वादाचा विषय असतो. आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. लसीच्या कार्डाची अट तर त्यात कोठेच नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांनी कार्ड जरूर मागावे, पण नसल्यास मुलाला परत पाठवू नये. नाव घालावे आणि अशा मुलांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. आश्रमशाळेच्या दारातून परतलेले मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर जाते. मग शाळाही गेली आणि लसही.

दुसरी बाजू संमतीची. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेनंतर, जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही असे सांगितले. कोविड लसीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी कोणावरही लसीची बळजबरी करता येणार नाही असा निर्णय दिला. आपल्या भागात याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. नर्सबाई शाळेत येतात तेव्हा आईबाप भिवंडी-वसईला किंवा गुजरातच्या बोटीवर असतात. म्हणून मूल वसतिगृहात सोडायला पालक येतात त्याच दिवशी, लस समजावून सांगून, सही वा अंगठा घ्यावा.

आता खरी सूट कोणाला? गोवरासारखी जिवंत जंतूंची लस रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या, जास्त मात्रेत स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा पूर्वी त्याच लसीने जिवावर बेतलेली ॲलर्जी झालेल्या मुलाला देत नाहीत. हे डॉक्टरने ठरवायचे. सर्दी, बारीक ताप, जुलाब ही कारणे नव्हेत. "पोर वाळलंय, सुई सोसणार नाही," असे आजीबाई म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. कुपोषित मुलाला गोवर झाला की न्यूमोनिया होतो, डोळेही जाऊ शकतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे आणि भिवंडीत गोवराची साथ आली होती. आपली माणसे कामाला जातात ती याच बाजूला.

राहिलेल्या डोसांसाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही; राहिले तेथून पुढे द्यायचे. त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर ५ ते ६ व्या वर्षी असतो, म्हणजे पहिलीत नाव घालतानाच. सात वर्षे उलटल्यावर ती देत नाहीत. मग धनुर्वात-घटसर्पाची टीडी देतात. टीडी पुन्हा १० व्या आणि १६ व्या वर्षी. या लसी उपकेंद्रात, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात व डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात मोफत मिळतात. कार्ड हरवले असल्यास गावच्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना भेटा. त्यांच्या रजिस्टरात नोंद सापडते. गुजरातेत टोचले असेल तर तेथले कार्डही इथे चालते, ते टाकून देऊ नका.