संगणकाची स्मृती : वेग कोठे अडतो?

संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात रॅमची पट्टी मागितली, तर दुकानदार लगेच विचारतो, "किती जीबी? आणि किती मेगाहर्ट्‌झची?" पट्टीच्या खोक्यावरही हेच दोन आकडे ठळक छापलेले असतात. ८ किंवा १६ जीबी ही झाली तिची साठवणशक्ती. २६६६, ३२०० किंवा ६००० हा झाला तिचा वेग. शाळेच्या संगणककक्षासाठी बेताच्या पैशांत खरेदी करणाऱ्या शिक्षकांपुढे, तसेच घरचा जुना संगणक थोडा चपळ करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे म्हणून एक प्रश्न उभा राहतो : पैसे कोणत्या आकड्यासाठी मोजावेत? शिवाय, एक पैसाही खर्च न करता वेगाचा आकडा वाढवता येतो असे सांगणारे मित्रही भेटतात. ह्या युक्तीला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर कारखानदारच तो आकडा वाढवून का देत नाही?

ह्याचे उत्तर पट्टीवरच्या काळ्या चिपांच्या आत आहे. तेथे जे चालते ते तुमच्या भौतिकीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

गळके रांजण

१९६६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत रॉबर्ट डेनार्ड नावाचे अभियंते काम करीत होते. त्या वेळी एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, साठवायला सहा ट्रान्झिस्टर लागत. डेनार्ड यांनी ते काम एका ट्रान्झिस्टरवर आणि एका इवल्याशा धारित्रावर आणून ठेवले. धारित्र म्हणजे पंख्याच्या दुरुस्तीवेळी मिस्त्री ज्याला कंडेन्सर म्हणतो तेच. धारित्रात विद्युतभार असेल तर 'एक', नसेल तर 'शून्य'. ट्रान्झिस्टर हा केवळ दार उघडण्या-लावण्यासाठी. ह्या रचनेचे एकस्व त्यांना जून १९६८ मध्ये मिळाले. १९७० साली इन्टेलने '११०३' ही चिप विक्रीस काढली. तिच्यात १०२४ बिट मावत. (तिच्या पेशीत मात्र तीन ट्रान्झिस्टर होते.) आजच्या १६ जीबीच्या एका पट्टीत सुमारे १३,७०० कोटी बिट, म्हणजे तितकीच धारित्रे असतात.

एवढ्या दाटीत प्रत्येकाच्या वाट्याला किती भार येणार? धारिता साधारण १० फेम्टोफॅरड, म्हणजे १० गुणिले १० चा उणे पंधरावा घात फॅरड, आणि विद्युतदाब १.१ व्होल्ट धरा. भार बरोबर धारिता गुणिले दाब. आलेल्या उत्तराला इलेक्ट्रॉनच्या भाराने भागले की सुमारे ७० हजार इलेक्ट्रॉन येतात. आपल्या पत्रातले एक अक्षर किंवा गुणपत्रिकेतला एक आकडा अशा काही मूठभर इलेक्ट्रॉनांच्या भरवशावर असतो.

त्यातही हे रांजण गळके आहेत. ट्रान्झिस्टरचे दार बंद असतानाही भार थोडा थोडा झिरपत राहतो. म्हणून संगणक प्रत्येक पेशी ठरावीक मुदतीत वाचतो आणि पुन्हा भरतो. डीडीआर४ पिढीच्या स्मृतीत ही मुदत ६४ मिलिसेकंद आहे. तेवढ्यात ८१९२ वेळा भरण्याचा हुकूम सुटतो, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एकदा. तापमान वाढले की गळतीही वाढते. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर मुदत निम्मी, ३२ मिलिसेकंद करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या एखाद्या पत्र्याच्या वर्गात धूळ खाल्लेला पंखा घेऊन चालणारा संगणक ह्या आकड्याच्या किती जवळ जात असेल, ह्याचा विचार व्हायला हवा.

वाचायला वेळ का लागतो

आता एक पेशी वाचून पाहू. पेशी ज्या तारेला जोडलेली असते, ती तार आधी निम्म्या दाबावर आणून ठेवतात. डीडीआर४ मध्ये पूर्ण दाब १.२ व्होल्ट, म्हणून तार ०.६ व्होल्टवर. तारेवर पुष्कळ पेशी लटकलेल्या असल्याने तिची धारिता एका पेशीच्या कितीतरी पट असते. सोयीसाठी पाच पट धरा. ट्रान्झिस्टरचे दार उघडले की पेशीतला भार आणि तारेवरचा भार एकमेकांत मिसळतात. पेशी भरलेली असेल तर सामाईक दाब :

(१ × १.२ + ५ × ०.६) ÷ ६ = ०.७ व्होल्ट

पेशी रिकामी असेल तर हेच गणित ०.५ व्होल्ट देते. म्हणजे 'एक' आणि 'शून्य' ओळखण्यासाठी हाताशी असतो तो ०.६ च्या वर किंवा खाली एक दशांश व्होल्टचा फरक. तारेच्या टोकाशी असलेला प्रवर्धक तो फरक हेरतो, वाढवून पूर्ण शून्यावर किंवा पूर्ण १.२ वर नेतो, आणि वाचताना रिती झालेली पेशी त्याच दमात पुन्हा भरतो. तारेला रोध आहे, धारिता आहे. त्यामुळे दाब स्थिरावायला वेळ लागणारच. तराजूचा काटा हलत असतानाच वजन वाचले तर काय होईल? तेच येथेही होईल.

हा वेळ किती, ते बाजारातल्या पट्ट्यांवरून काढता येते. पट्टीवर 'सीएल' अशी अक्षरे आणि पुढे एक संख्या असते. योग्य ओळ उघडलेली असताना विदा मागितल्यापासून तिचा पहिला अंश हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके थांबावे लागेल, ते ती संख्या सांगते. येथे एक गोम लक्षात ठेवा. डीडीआर स्मृती घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा विदा देते. म्हणून '३२००' लिहिलेल्या पट्टीचे घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्‌झचे असते. दुकानदाराचे मेगाहर्ट्‌झ म्हणजे खरे तर सेकंदाला किती दशलक्ष वेळा विदा पाठवली, ती संख्या. हे ध्यानात घेऊन ठोक्यांचे नॅनोसेकंद केले, तर असे कोष्टक मिळते :

डीडीआर-४००, सीएल ३ : १५ नॅनोसेकंद
डीडीआर२-८००, सीएल ५ : १२.५ नॅनोसेकंद
डीडीआर३-१६००, सीएल ११ : १३.७५ नॅनोसेकंद
डीडीआर४-३२००, सीएल २२ : १३.७५ नॅनोसेकंद
डीडीआर५-४८००, सीएल ४० : सुमारे १६.७ नॅनोसेकंद

खोक्यावरचा आकडा ४०० पासून ४८०० पर्यंत बारा पट वाढला, पण पहिल्या अंशासाठी थांबण्याचा वेळ जवळजवळ होता तेथेच आहे! निवडक चिपांच्या महाग पट्ट्या हा वेळ १० नॅनोसेकंदांपर्यंत आणतात (डीडीआर५-६०००, सीएल ३० चे गणित करून पाहा), पण त्यापलीकडे फारशी मजल जात नाही.

मग बारा पट वाढले ते काय? शेतातला पाट आठवा. पंप सुरू केल्यावर दूरच्या वाफ्यात पाणी पोहोचायला काही वेळ जातो. एकदा पोहोचले की मग दर मिनिटाला अमुक इतके पाणी पडू लागते. पिढ्यान्‌पिढ्या सुधारत गेला तो हा दुसरा आकडा. डीडीआर४-३२०० पट्टी एका वेळी ८ बाइट, सेकंदाला ३२० कोटी वेळा, म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी विदा देऊ शकते. प्रक्रियक सामान्यतः ६४ बाइटांचा एक घास मागतो. त्यासाठी थांबणे १३.७५ नॅनोसेकंद, आणि प्रत्यक्ष वाहून आणणे अवघे २.५ नॅनोसेकंद! वाहण्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर ह्या घासामागे पाव नॅनोसेकंदाहूनही कमी वाचेल. चलच्चित्रांचे संपादन किंवा प्रक्रियकातच चित्रविभाग असलेल्या संगणकावरचे खेळ अशा कामांत घासांची अखंड रांग लागते. तेथे मोठ्या आकड्याचा फायदा दिसतो. पत्र लिहिणे, गुणांचे तक्ते करणे, संकेतस्थळे पाहणे ह्यांत तो जाणवणारही नाही.

पहिला रुपया कोठे

संगणक खरोखर रखडतो तो वेगळ्याच कारणाने. रॅममध्ये जागा पुरली नाही की संगणक काही मजकूर तबकडीवर हलवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. प्रक्रियकाने रॅममधून काही मागवायला सगळे मिळून साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. अर्धसंवाहक तबकडीला, म्हणजे एसएसडीला, १०० मायक्रोसेकंद धरा, तर फिरत्या तबकडीला १० मिलिसेकंद. रॅमचा वेळ ताणून एक सेकंद केला, तर एसएसडी सुमारे १७ मिनिटे घेईल आणि फिरती तबकडी एक दिवसाहून अधिक! चार जीबीच्या संगणकावर चार कामे एकदम उघडली की दिवा लुकलुकत राहतो आणि मुले माउस आपटतात, ते ह्यामुळे. तेथे ओव्हरक्लॉकिंग करणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोठा पंप बसवणे होय.

म्हणून आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या कळा एकदम दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा, नेहमीची सगळी कामे सुरू करावीत आणि स्मृती किती भरते ते पाहावे. नव्वद टक्क्यांच्या आसपास जात असेल तर पट्टी वाढवावी. निम्मीही भरत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत. तेथेच किती खाचा वापरात आहेत तेही दिसते. बहुतेक संगणकांत प्रक्रियक आणि स्मृती ह्यांच्यामध्ये दोन पाट असतात, आणि पुष्कळ स्वस्त संगणक एकच पट्टी घालून विकले जातात. म्हणजे एक पाट कोरडाच. तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली की साठवण दुप्पट आणि वाहण्याचा वेगही २५.६ वरून ५१.२ जीबी. माझ्या मते रॅमवर खर्च करायचा पहिला रुपया येथे खर्च करावा. ओव्हरक्लॉकिंगने क्वचितच एवढे मिळते.

खरेदीपूर्वी पिढी नीट पाहा. डीडीआर४ आणि डीडीआर५ ह्या दोन्ही पट्ट्यांना २८८ पाय असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एक दुसरीत बसत नाही, आणि जोर करून बसवू नये. दोन निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र घातल्या तर सामान्यतः दोन्ही सावकाश पट्टीच्या चालीने चालतात. विंडोज ३२ बिटांची असेल तर २ चा ३२ वा घात, म्हणजे ४ जीबीच्या पुढची स्मृती वायाच जाते. बसवताना संगणकाची वायर काढावी आणि पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थितिक भार उतरवावा. कोरड्या हवेत आपल्या अंगावर काही हजार व्होल्ट सहज जमतात, आणि चिपला एक-दोन व्होल्टचीच सवय असते.

आकडा वाढवणे म्हणजे काय

आता मित्राच्या युक्तीकडे येऊ. एकाच कारखान्यातल्या सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत; काही चपळ, काही मंद. जेडेक ह्या संस्थेच्या मानकाप्रमाणे छापलेला वेग मंद चिपेलाही, गरम हवेतही, वर्षानुवर्षे झेपला पाहिजे. म्हणून बहुतेक चिपांच्या अंगी थोडा जोर शिल्लक असतो. पट्टी बनवणारे चपळ चिपा निवडून, तपासून, पट्टीवरच्या एका छोट्या चिपेत वाढीव वेगाची नोंद करून ठेवतात. अशा नोंदीची इन्टेलची पद्धत 'एक्सएमपी' २००७ साली आली आणि एएमडीची 'एक्सपो' २०२२ साली. ही नोंद बायोसमधून चालू करावी लागते. न केल्यास '३२००' म्हणून घेतलेली पट्टी २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते. एवढे करण्याला माझी हरकत नाही. तो वेग पट्टी बनवणाऱ्याने निदान तपासलेला असतो.

त्याच्याही पुढे आपल्या हाताने आकडे चढवणे ही वेगळी गोष्ट. ठोके कमी केले की प्रवर्धकाला काटा स्थिरावण्याआधी निर्णय द्यावा लागतो. घड्याळ पळवले की तारांवरही गर्दी होते. ६००० च्या वेगाला एका बिटाच्या वाट्याला एक षष्ठांश नॅनोसेकंद येतो. तेवढ्यात छापील तारेवर संदेश जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. म्हणजे प्रक्रियक आणि पट्टी ह्यांमधल्या बोटभर लांब तारेवर एकामागे एक काही बिट एकाच वेळी धावत असतात. ट्रान्झिस्टर चपळ व्हावेत म्हणून मग दाब १.२ वरून १.३५ व्होल्ट करतात. खर्ची पडणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, १.३५ भागिले १.२ चा वर्ग काढा, सुमारे १.२७ येईल. वेग वाढवल्याची वेगळी भर त्यावर पडतेच. उष्णता वाढली, गळती वाढली, आणि गोष्ट पुन्हा रांजणांपाशी आली.

संगणक बंद पडला तर बरे म्हणायचे, कारण चूक दिसली तरी! भीती आहे ती न दिसणाऱ्या चुकीची. १९७९ साली इन्टेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कणसुद्धा स्मृतीतला बिट उलटवू शकतात. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक येथे निवडणुकीच्या मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त पडली. शक्य होती त्याहून अधिक मते दिसली म्हणून फेरतपासणी झाली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. कार्यप्रणालीत दोष सापडला नाही. एक बिट आपोआप उलटला असावा, असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला. ही घटना ओव्हरक्लॉकिंगमुळे घडली नव्हती, पण एका बिटाची किंमत तिच्यावरून कळते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. उत्तीर्ण होण्याचे ३५ गुण द्विमान पद्धतीत १०००११ असे लिहितात. पहिला एक उलटून शून्य झाला की उरतात ३. तक्ता साठवला की ते ३ तबकडीवर कायम होतात, आणि संगणक तक्रार करीत नाही. डीडीआर५ च्या चिपेत एका बिटाची चूक दुरुस्त करण्याची सोय आहे, पण ती चिपेच्या आतल्या चुकीपुरती. तारेवर घडलेल्या चुकीला ती सोय लागू नाही. म्हणून निकालपत्रे, हिशेब किंवा प्रकल्पाचा मजकूर ज्या संगणकावर असेल त्याच्या स्मृतीचे आकडे हाताने चढवू नयेत.

स्वतःच्या संगणकावर प्रयोग करायचाच असेल तर आधी सर्व मजकुराची प्रत दुसरीकडे ठेवा. बायोसमधले मूळ आकडे वहीत उतरवून घ्या. दाबाला हात न लावता वेग एक पायरी वाढवा. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ही कार्यप्रणाली सुरू करून रात्रभर चालू द्या; ती प्रत्येक पेशीत निरनिराळे नमुने लिहून परत वाचून पाहते. शक्यतो ही परीक्षा उन्हाळ्यातल्या दुपारीही घ्या, कारण डिसेंबरात उत्तीर्ण झालेली पट्टी मे महिन्यात नापास होऊ शकते. नंतर नेहमीचे एखादे मोठे काम घड्याळ लावून पाच वेळा करा आणि सरासरी मूळ सरासरीशी ताडून पाहा. परीक्षेत एक जरी चूक दिसली, तरी वहीतले मूळ आकडे पुन्हा घाला. आणि मूळ आकड्यांवरही चूक दिसत असेल, तर ती पट्टी सदोष आहे. हमीची मुदत संपण्याआधी दुकानात नेऊन बदलून घ्या.