मोटारीतील बालक : सुरक्षा आसन केव्हा सोडावे?

हिंगोली जिल्ह्यातून जाणारा अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आता रुंद झाला असून वाहनांचा वेगही वाढला आहे. हळद आणि सोयाबीनच्या उत्पन्नातून अनेक कुटुंबांच्या दारी मोटार आली. मोटारीबरोबर सुरक्षा पट्टाही आला. परंतु तो प्रौढ शरीराच्या मापाने बेतलेला असतो, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही.

आईची किंवा आजीची मांडी हीच बालकाची सर्वांत सुरक्षित जागा, असा सार्वत्रिक समज आहे. घरात तो खराही आहे. परंतु ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील माणसांवर त्यांच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोचे मूल त्या क्षणी दोन क्विंटलांचे होते. मोंढ्यातील हमालालाही एवढा भार नुसत्या हातांनी अडविता येणार नाही. मग मातेने तो कसा अडवावा? हिंगोलीहून औंढा नागनाथ अवघे पंचवीस किलोमीटर, तेवढ्याला आसन कशाला, हे म्हणणेही म्हणूनच टिकत नाही. धडकेचा जोर प्रवासाच्या लांबीवर नव्हे, वेगावर अवलंबून असतो.

तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतके असते आणि मान कोवळी असते. स्वीडनमधील डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये मागे तोंड करून बसविण्याचे बालआसन सिद्ध केले, ते अंतराळवीरांच्या आसनावरून. अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर झेलतात, त्याचप्रमाणे अशा आसनात धडकेचा जोर मुलाच्या सबंध पाठीवर विभागला जातो. आधुनिक युरोपीय मानकानुसार बालक किमान पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याचे तोंड मागेच असावे लागते. त्यानंतरही आसनाच्या मर्यादेत बसते तोवर तसेच ठेवणे श्रेयस्कर. पुढील जागेसमोर हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, कार्यरत असेल तर तेथे असे आसन कदापि ठेवू नये.

मूल आसनात मावेनासे झाले, हे ओळखण्यात पालकांची सर्वाधिक चूक होते. पाय दुमडले जाऊ लागले की आसन लहान पडले, असे समजून ते अडगळीत जाते. वास्तविक पाय दुमडणे ही खूण नव्हे. मागे तोंड असलेल्या आसनात डोके कडेच्या वर आले, किंवा पुढे तोंड असलेल्या आसनात खांदे पट्ट्याच्या सर्वांत वरच्या खाचेच्या वर गेले, अथवा आसनावर छापलेली वजनमर्यादा ओलांडली गेली, म्हणजे ते बदलावे. पुढची पायरी मोठ्यांच्या पट्ट्याची नव्हे, तर मुलाला उंच करणाऱ्या बूस्टर बैठकीची. साधारणपणे १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत तिची गरज असते. कमरेचा पट्टा पोटावर न चढता मांड्यांच्या मुळाशी टेकतो, खांद्याचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मध्यावरून जातो आणि पाठ टेकून बसले असता गुडघे बैठकीच्या कडेशी वाकतात, तेव्हाच ती सोडावी. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे दहा ते बाराव्या वर्षी घडते. पट्टा गळ्याला काचतो म्हणून तो पाठीमागे टाकण्याची युक्ती सर्रास दिसते. ती घातक आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा बालआसन यांपैकी एकही नसल्यास एक हजार रुपये दंड होतो. या 'किंवा'मुळे निवड पालकांच्या हाती राहते. वयाच्या अटीवरून मुलाच्या उंचीचा अंदाज येत नाही.

पुण्या-मुंबईच्या नातलगांकडून आलेले जुने आसन वापरण्याची प्रथा काटकसरीची खरी. मात्र ते एकदाही अपघातात सापडलेले नसावे, त्यावरील मानकाची चिठ्ठी वाचता यावी आणि वापराची मुदत संपलेली नसावी.

ज्या घरी मोटार नाही, तेथील मुलांचा प्रवास दुचाकीवरून होतो. त्यांच्यासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून स्वतंत्र नियम लागू आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकाला शिरस्त्राण हवे, चालकाच्या खांद्यांना जोडलेला, तीस किलो भार पेलणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. चार वर्षांनंतर पट्ट्याची सक्ती संपते; शिरस्त्राणाची नाही.