पाऊस ओसरल्यावरची परसबाग

आश्विन लागला की टाकळा, कुर्डूसारख्या रानभाज्या निबर होतात. मग पाड्यांवर ताटातली हिरवी भाजी कमी पडू लागते. ती उणीव परसबाग भरून काढते.

१. जमिनीत ओल आहे तोवर मेथी, पालक, मुळा पेरावा. सगळे बी एकदम न टाकता दर १५ दिवसांनी एक वाफा पेरावा. मेथी महिनाभरात काढणीला येते.

२. ऑक्टोबरच्या उन्हात ओल टिकावी म्हणून रोपांच्या बुडाशी पालापाचोळा पसरावा.

३. वांग्याशेजारी झेंडू असावा. त्याची मुळे सूत्रकृमींना आवर घालतात. दसऱ्याला फुले तोडताना काही बियांसाठी झाडावरच वाळू द्यावीत.

वाचकहो, बियाणे भेट देणार असाल, तर सरळ वाणाचे द्या. संकरित झाडाचे बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही. सरळ वाणाचे बी घरातच राखता येते.