झडींतील दिवा : सौर घरासाठीं जनरेटरची निवड

आपल्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. येथील धान पिकविणाऱ्या घरांस आषाढ-श्रावणांतील झड किती प्रिय असते, हें सांगावयास नको. बांध्या पाण्यानें भरल्या, मामा तलाव तुडुंब झाले, रोवणी वेळेवर आटोपली, म्हणजे शेतकऱ्याचा जीव भांड्यांत पडतो. परंतु ज्या घरास वीज केवळ सूर्यापासून मिळते, त्या घरावर नेमकें याच दिवसांत संकट येतें. तीन दिवस सूर्यदर्शन नाहीं, बॅटरी उतरलेली, सायंकाळीं मूल पुस्तक उघडून बसतें न बसतें तोंच इन्व्हर्टर शिटी देऊन बंद पडतो.

गांवापासून दूर शेतांत किंवा वनाच्या कडेस घर आहे, आणि तेथवर विजेची तार आणणें परवडत नाहीं, अशी स्थिति असली म्हणजे सौर पॅनेलांच्या जोडीस एक जनरेटर घ्यावा असा विचार मनांत येतो. तो कोणता व केवढा घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमचें मुख्य म्हणणें आरंभींच सांगून टाकतों : सौर घरांतील जनरेटरानें घर चालवावयाचें नसतें; त्यानें बॅटरी भरावयाची असते. हें ध्यानांत ठेविलें असतां यंत्र लहान पुरतें व पैसा वांचतो.

अशा घरांत चार शोध एकत्र नांदतात. विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाचें तत्त्व मायकेल फॅरेडे यानें १८३१ सालीं दाखविलें. जनरेटर त्यावरच चालतो. शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांटे यानें १८५९ मध्यें बनविली. रुडॉल्फ डीझेल याचें एंजिन १८९७ मध्यें यशस्वी झालें. आणि सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौर घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं जगापुढें मांडला. चौघांचीं कामें भिन्न आहेत. सौर घट वीज देतो, बॅटरी ती सांठविते, आणि एंजिन व जनरेटर मिळून अडचणीच्या वेळीं धांवून येतात. धांवून येणाऱ्यावर रोजचा भार टाकूं नये.

कोणास जनरेटर नको

केंद्र सरकारच्या सौभाग्य योजनेंत (२०१७) दुर्गम घरांसाठीं २०० ते ३०० वॅटचें पॅनेल, बॅटरी, पांच एलईडी दिवे, एक पंखा व एक प्लग असा संच ठरविला होता. एवढ्याच गरजेच्या घरानें जनरेटरच्या नादीं लागूं नये. आणखी एक पॅनेल व थोडी मोठी बॅटरी घेणें हेंच त्यास स्वस्त पडेल. पीएम-कुसुम (२०१९) अथवा 'मागेल त्याला सौर कृषीपंप' (२०२४) या योजनांतील पंप बॅटरीवांचून थेट उन्हावर चालतात. पाऊस असला म्हणजे पिकास पंपाचें पाणी लागत नाहीं. म्हणून तेथेंही जनरेटरचें प्रयोजन नाहीं. प्रश्न उरतो तो दिवे, पंखे, फ्रीज व घरगुती पंप असलेल्या मध्यम घराचा.

पहिली पायरी : गरज मोजणें

वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास, आणि एक हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. एक उदाहरण घेऊं. ९ वॅटचे सहा दिवे पांच तास लाविले तर २७० वॅट-तास. बीएलडीसी जातीचे ३० वॅटचे तीन पंखे दहा तास चालले तर ९००. दूरदर्शन संच ६० वॅटचा, तीन तास, म्हणजे १८०. लहान फ्रीज दिवसास सुमारें १०००. पाव तास मिक्सर १२५, आणि मोबाइल इत्यादि १००. एकूण २५७५ वॅट-तास, म्हणजे २.६ युनिटें. एक अश्वशक्तीचा पंप तासभर चालविल्यास आणखी १.१ युनिट लागतें. तेव्हां बेरीज ३.७ युनिटें होते. पंखे जुन्या पद्धतीचे, ७५ वॅटचे असते, तर त्यांच्यापायींच सव्वा युनिटाहून अधिक वाढलें असतें. म्हणून मोठा जनरेटर घेण्यापूर्वीं पंखे बदलावे, हें शहाणपण होय.

दुसरी पायरी : सूर्य व बॅटरी

दीड किलोवॅटचीं पॅनेलें स्वच्छ दिवशीं सहा युनिटांच्या आसपास वीज देतात. गच्च झडीच्या दिवशीं तीं एक-दीड युनिट देतील. अशा वेळीं पंप थांबविला तरी रोज सुमारें दीड युनिट तूट येते. बॅटरीकडे पाहूं. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्यांत ७.२ युनिटें मावतात. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याहून खालीं वारंवार उतरविल्यास तिचें आयुष्य घटतें. म्हणून हातीं येतात ३.६ युनिटें. यांत दोन दिवसांची तूट भागते. तिसऱ्या सकाळीं जनरेटरची पाळी येते.

तिसरी पायरी : यंत्र केवढें असावें

चारही बॅटऱ्या एका माळेंत जोडिल्या म्हणजे ४८ व्होल्टांचा संच होतो. शिशाच्या बॅटरीस तिच्या अँपिअर-तासांच्या सुमारें दहाव्या हिश्शानें भरावें, असा नियम आहे. येथें तो हिस्सा १५ अँपिअर. भरतांना व्होल्टेज ५६ च्या घरांत जातें. १५ गुणिले ५६ म्हणजे ८४० वॅट. चार्जरमधील घट धरिली तर जनरेटरकडून सुमारें एक किलोवॅट, आणि पॉवर फॅक्टरमुळें सव्वा केव्हीए लागेल. फ्रीज व पंखे यांसाठीं आणखी थोडें जोडावें. दोन ते अडीच केव्हीएचा जनरेटर या घरास पुरेसा आहे.

अनेक जण येथें चूक करितात. घरांतील सर्व उपकरणें एकाच वेळीं चालतील अशी बेरीज करून, वर पंप सुरू होतांना घेतो तो क्षणभराचा चारपांचपट प्रवाह जोडून, पांच-सात केव्हीएचें यंत्र आणितात. मग तें बहुतेक वेळ अर्ध्या उपाशीं चालतें. हलक्या भारावर सतत चालणाऱ्या डीझेल एंजिनांत काजळी सांचते, आणि इंधन मात्र जळतच राहतें. पंप स्वच्छ दिवशीं दुपारीं चालवून टांकी भरून ठेवावी. केवळ त्याच्यासाठीं मोठें यंत्र घेऊं नये.

चौथी पायरी : पेट्रोल कीं डीझेल

लहान पेट्रोल जनरेटर एका लिटरांत दीड युनिटाच्या आसपास वीज देतो, डीझेलचा सुमारें तीन. पेट्रोल शंभर रुपयांस लिटर धरिलें तर एक युनिट पासष्ट रुपयांच्या घरांत पडतें. हा आंकडा पाहून दचकूं नये. तो गुणिला जातो तो थोड्याच युनिटांशीं. एका खेपेस चार तास यंत्र चाललें तर तीन लिटर जळतील. साऱ्या पावसाळ्यांत अशा दहा खेपा झाल्या तर तीस लिटर, म्हणजे तीन हजार रुपये. डीझेलनें यांतील निम्मा खर्च वांचेल, परंतु यंत्राच्या किमतींतील फरक भरून यावयास पुष्कळ वर्षें लागतील. वर्षांतून शेंकडों तास यंत्र चालवावयाचें असेल, तरच मिनिटास १५०० फेरे घेणारा डीझेल संच शोभतो.

आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते. साधा पेट्रोल जनरेटर त्यासाठीं मिनिटास ३००० फेरे घेतो. भार बदलला कीं फेरे बदलतात आणि वीज डळमळते. अशी वीज घरचा इन्व्हर्टर पुष्कळदां नाकारतो व बॅटरी भरतच नाहीं. 'इन्व्हर्टर जनरेटर' नांवाचें यंत्र किमतीस जास्त, पण त्याची वीज स्थिर. कोणतेंही यंत्र घेण्यापूर्वीं तें आपल्या इन्व्हर्टरशीं जोडून बॅटरी भरते कीं नाहीं हें प्रत्यक्ष पाहावें. इन्व्हर्टर व जनरेटर यांची वीज एकाच तारेंत एकत्र येऊं नये म्हणून चेंजओव्हर स्विच व अर्थिंग जाणत्या वायरमनकडूनच बसवून घ्यावें.

पांचवी पायरी : जागा

आतां जें सांगावयाचें, तें सर्वांत महत्त्वाचें आहे. जनरेटर लागतो तो पावसांत, आणि पाऊसच माणसास तो पडवींत किंवा सपरींत ओढून आणावयास लावतो. एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. डोकें दुखतें, झोंप येते, आणि माणूस त्या झोंपेंतून उठत नाहीं. खिडकी उघडी ठेविली म्हणजे भय नाहीं, ही समजूत खोटी आहे. म्हणून यंत्र विकत घेतांनाच त्याच्यासाठीं घरापासून निदान वीस फूट दूर, चारी बाजूंनीं मोकळें, वर टिनाचें छप्पर असलेलें मांडव बांधावें. मांडवाचा खर्च हा यंत्राच्या किमतीचाच भाग समजावा. पेट्रोल यंत्र थंड झाल्यावरच ओतावें, आणि डबा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा.

चालविण्याची वेळ सकाळची असावी. तेव्हां बॅटरी सर्वाधिक रिकामी असते व भरपूर प्रवाह घेते. प्रवाह मंदावला कीं यंत्र थांबवावें. उरलेलें काम ढगांआडच्या उजेडावर सोपवावें. पावसाळा संपल्यावर टांकी व कार्बोरेटर रिकामें करून ठेवावें, कारण जुनें पेट्रोल चिकट होऊन यंत्र अडवितें. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं एकदां तें भारासह चालवून पाहावें.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दृष्टांत, आणि मशालीबरोबर तेल घेणाऱ्या शहाण्या कुमारींचा दृष्टांत, आपल्या शाळेंत सर्वांनीं ऐकिले आहेत. दोन्ही येथें लागू पडतात. सांठा ठेवावा, पण मोजून ठेवावा. विद्यार्थ्यांनीं या सुटींत घरांतील प्रत्येक उपकरणावरील वॅटचा आंकडा व वापराचे तास वहींत मांडून बेरीज करावी आणि ती वडीलधाऱ्यांस दाखवावी. ज्या घरांत ही वही असेल, तेथें झडीच्या रात्रींही अभ्यासाचा दिवा तेवत राहील, आणि त्या दिव्याखालीं सर्व मंडळी निर्धास्त झोंपतील.