फेकींची मोजणी आणि मुलाचा हात

आंकड्यांचा उपयोग दोन कामीं होतो: एक पारख करण्याकडे व दुसरा जपणूक करण्याकडे. शिक्षक गुण मोजतात ते पारख करण्यासाठीं. वैद्य नाडीचे ठोके मोजतो तो रोग्यास गुण देण्यासाठीं नव्हे. अमेरिकेंतील मुलांच्या बेसबॉलमध्यें एकच आंकडा हीं दोन्ही कामें करतो. त्याचा हिशेब कसा करावा व त्यापासून काय शिकावें, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

क्रिकेटच्या षटकांत सहा चेंडू ठरलेले असतात. त्यामुळें गोलंदाजानें दहा षटकें टाकलीं असें म्हटलें कीं त्याच्या श्रमाचें माप आपोआप कळतें. बेसबॉलमध्यें तसें नाहीं. तेथें चेंडू फेकणाऱ्या गड्यास पिचर म्हणतात. समोरचे तीन गडी बाद होईपर्यंत एक डाव संपत नाहीं. मग त्यासाठीं नऊ फेकी लागोत कीं तीस. ठराविक चौकटींतून गेलेला, किंवा फलंदाजानें बॅट फिरवूनही चुकलेला चेंडू तो ‘स्ट्राइक’. चौकटीबाहेर गेलेला व फलंदाजानें सोडून दिलेला तो ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले कीं फलंदाज बाद. चार बॉल झाले कीं त्यास पहिला बेस फुकट मिळतो. बॅटला लागलेला चेंडूही हिशेबाच्या वहींत स्ट्राइकांतच धरतात.

आतां एक उदाहरण सोडवून पाहूं. बारा वर्षांचे दोन मुलगे आहेत असें समजा. दोघांनींही चार-चार डाव चेंडू फेकले व दोघांनींही एकेकच धांव दिली. वरवर पाहणारा म्हणेल, दोघे सारखेच! परंतु वही उघडा. पहिल्यानें सोळा फलंदाजांस ५२ फेकी केल्या. त्यांत ३४ स्ट्राइक. म्हणजे डावास १३ फेकी, फलंदाजास सव्वातीन आणि स्ट्राइकांचें प्रमाण शेंकडा ६५. दुसऱ्यानें एकवीस फलंदाजांस ८४ फेकी केल्या; त्यांत ४२ स्ट्राइक. म्हणजे डावास २१ फेकी, फलंदाजास चार आणि प्रमाण शेंकडा ५०. पहिल्याचा नेम अधिक स्थिर, ही झाली पारख. दुसऱ्याच्या हातास ३२ फेकींचा अधिक शीण पडला, ही झाली जपणुकीची बाब. डाव मोजणाऱ्यास या दोन्ही गोष्टी दिसल्या नसत्या.

तथापि पारख करतांनाही घाई करूं नये. दुसऱ्या मुलाच्या सोबत्यांनीं सोपे झेल सोडले असतील, तर त्याच्या फेकी वाढल्या यांत त्याचा काय दोष? शिवाय एका दिवसाच्या आंकड्यावरून कोणाही मुलाची योग्यता ठरत नाहीं. दहा सामन्यांची वही एकत्र वाचली, तरच कांहीं निश्चित बोलतां येतें.

जपणुकीचा विचार एवढा कां करावा? वेगानें चेंडू फेकतांना कोपराच्या आंतील बाजूच्या बंधावर मोठा ताण पडतो, आणि वाढत्या वयांत हाडांच्या टोकांचा वाढीचा भाग अद्याप कोवळा असतो. १९७४ सालीं डॉ. फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन या नामांकित पिचरच्या कोपरांतील निकामी झालेल्या बंधाच्या जागीं त्याच्याच दुसऱ्या हातांतील स्नायुरज्जू बसविला. त्या शस्त्रक्रियेस पुढें त्या खेळाडूचेंच नांव पडलें, आणि कांहीं वर्षांनीं ती शाळकरी मुलांवरही करावी लागूं लागली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत ४८१ मुलांवर दहा वर्षें लक्ष ठेविलें होतें. वर्षाकांठीं शंभरांहून अधिक डाव फेकणाऱ्या मुलांस गंभीर इजा होण्याचा संभव इतरांच्या साडेतीन पट आढळला.

१९३९ सालीं स्थापन झालेल्या ‘लिटल लीग’ या संस्थेनें २००७ सालीं डावांऐवजी फेकींवर मर्यादा घातली, ती याच कारणानें. तिच्या नियमांप्रमाणें ९ व १० वर्षांच्या मुलास दिवसांत ७५, ११ व १२ वर्षांच्यास ८५, आणि १३ ते १६ वर्षांच्यास ९५ फेकी करतां येतात. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानें ५१ ते ६५ फेकी केल्यास तीन दिवस, व ६६ किंवा अधिक केल्यास चार दिवस विसांवा सक्तीचा आहे. आमच्या उदाहरणांतील दुसरा मुलगा मर्यादेच्या अवघा एक फेक अलीकडे थांबला, हें ध्यानांत घ्या.

जपानांतील गोष्टही मननीय आहे. २०१८ च्या ऑगस्टांत कोशिएन येथील शालेय स्पर्धेंत आकिता प्रांतांतील एका शेतकी शाळेच्या योशिदा कोसेइ या पिचरनें सहा सामन्यांत मिळून ८८१ फेकी केल्या. साऱ्या देशानें त्याचें कौतुक केलें. परंतु एवढा भार एका मुलावर टाकावा काय, असा प्रश्नही अनेकांनीं विचारला. २०२० सालापासून तेथील शालेय बेसबॉलमध्यें एका पिचरनें एका आठवड्यांत ५०० हून अधिक फेकी करूं नयेत असा नियम झाला.

परंतु नियम झाला म्हणजे काळजी मिटली असें नव्हे. सामन्यापूर्वींच्या सरावाच्या फेकी वहींत येत नाहींत. एका अभ्यासांत हायस्कूलच्या पिचरांच्या सामन्याच्या दिवसाच्या फेकींपैकीं शेंकडा ४२ अशा न मोजलेल्या निघाल्या. मुलगा दोन संघांत खेळत असेल, तर दोन वह्या होतात व कोणतीच पुरी नसते. शिवाय थकवा आंकड्यांत उतरत नाहीं. २००६ च्या एका अभ्यासांत, हात थकलेला असतांनाही नेहमीं फेकत राहणाऱ्या मुलांस शस्त्रक्रियेपर्यंत जाणाऱ्या इजेचा धोका सुमारे ३६ पट दिसून आला. ८५ ही सीमा आहे, गांठावयाचें शिखर नव्हे. चाळिसाव्या फेकीलाच कोपर दुखूं लागलें, तर त्या मुलाची मर्यादा त्या दिवशीं चाळीसच होय.

मुलांनो, दुखणें लपविण्यांत शौर्य नाहीं. संघ हरेल या भीतीनें गप्प बसणारा मुलगा एक सामना वांचवितो, परंतु कदाचित् पुढील सारे सामने गमावतो. आणि पालकहो, मुलगा मैदानावरून घरीं आला कीं किती गडी बाद केलेस, हें अवश्य विचारावें. परंतु त्याआधीं हात कसा आहे, हें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर वहींत सांपडतें; दुसऱ्याचें तो मुलगाच देऊं शकतो, आणि तें खरें देण्याचें धैर्य त्यास आपल्या विचारण्यांतूनच येतें.